जागच्या जागी

खरात मॅडमना काही विचारायला जाणं म्हणजे फुकटचा हेलपाटा. उत्तर म्हणून मिळायचंच नाही. मी भर उन्हात वजनकाट्यावरून ऑफिसपर्यंत तंगड्या तोडत जायचो आणि म्हणायचो, "मॅडम, प्रिंटरमधी कागद अडकलाय. काय करू?" त्या मान वर न करता विचारायच्या, "तुम्हाला काय वाटतं, जाधव?" आता मला काय वाटतं हे ठाऊक असतं तर मी एवढं ऊन खात आलो असतो का? वैतागून मी काहीतरी ठोकून द्यायचो, "झाकण उघडून मागून ओढावा वाटतं." की लगेच त्या टाळी वाजवायच्या. "बराबर! मंग ओढा की. जागच्या जागी मिटवायचं सोडून इथं कशाला आणता?"

आणि वर हसायच्या. त्यांचं हसणं पार गव्हाणीपर्यंत जायचं असं आमच्याकडं म्हणत. गव्हाण म्हणजे गाड्यांमधला ऊस जिथं ओतला जातो ती जागा. तिथं शेजारच्या माणसाची हाकसुद्धा ऐकू येत नाही, यावरून काय ते समजा.

आमचा साखर कारखाना अंबडच्या पुढं. मी तिथं वजनकाट्यावर कारकून. मॅडम कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख, आणि विभाग म्हणजे त्या, एक ऑपरेटर आणि थंड हवेची एक खोली. नव्वदचं दशक संपत आलेलं. अख्ख्या कारखान्यात एसी फक्त दोन खोल्यांत, एक एमडी साहेबांच्या आणि दुसरा मशीनच्या. साहेबांचा निम्मा वेळ बंद असायचा, मशीनचा कधीच नाही. मॅडमना थंडी बिलकुल सोसायची नाही. त्यामुळं मे महिन्यात बाहेर माणसं घामानं निथळत असायची आणि आत ही बाई काळी घोंगडी पांघरून कीबोर्ड बडवत बसलेली! एकदा बँकेचे कोणी साहेब पाहणीला आले, ते दारातच थबकले. "मॅडमना ताप आहे का?" मॅडम म्हणाल्या, "ठणठणीत आहे साहेब. मशीनला गारवा लागतो, मला ऊब लागती. दोघांचंबी भागलं पाहिजे ना." साहेबांना बसायला खुर्ची दिली आणि घोंगडीचं दुसरं टोक पुढं केलं. ते बिचारे नको नको म्हणत बाहेर पडले.

घोंगडी वडिलांची. वडील वाटूरकडचे, मेंढरं राखणारे. मेंढरांच्या वाड्यामागं रानोमाळ फिरत या बाईनं शाळा केली, औरंगाबादला इंजिनिअर झाली आणि पुण्या-मुंबईला न जाता इकडं आली. नम्रपणा वगैरे भानगड त्यांच्याकडं नव्हती. "ह्या जिल्ह्यात हे काम माझ्याइतकं कुणाला येत न्हाई," असं त्या चारचौघांत सांगायच्या. ते खरं होतं म्हणून आम्हाला जास्त राग यायचा.

आता काट्याची भानगड सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं. आमच्याकडं काटे दोन. मी बसायचो भरल्या काट्यावर. उसानं भरलेली बैलगाडी आधी माझ्याकडं येणार, वजन होणार, मग ती गव्हाणीवर जाऊन रिकामी होणार आणि पलीकडच्या रिकाम्या काट्यावर पुन्हा वजनाला लागणार. पहिल्यातून दुसरं वजा केलं की ऊस किती ते कळतं. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरमधलं वजन शेजारच्या काट्यावरच्या कॉम्प्युटरला दिसलं पाहिजे. दोन्ही काट्यांत अंतर किती? इथून तंबाखू मागितली तर तिथून फेकता येईल एवढं.

पण ते वजन सरळ शेजारी जायचं नाही. काट्यावर भिंतीला एक डबा होता, दोन्ही कॉम्प्युटरच्या वायरी त्यात. त्या डब्याला अक्कल म्हणून नव्हती. येईल ते वर पाठवायचं आणि वरून येईल ते खाली द्यायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. डोकं सगळं ऑफिसातल्या मोठ्या मशीनला. माझं वजन पाकिटात बंद होऊन अख्खं यार्ड ओलांडणार, सडकेपलीकडच्या ऑफिसात जाणार, तिथला मोठा साहेब पत्ता वाचणार आणि 'जा, शेजाऱ्याला दे' म्हणून परत पाठवणार. मधली केबल बिचारी ट्रॅक्टरच्या चाकाखाली, उंदरांच्या दाताखाली. ती तुटली की दोन्ही काटे ठप्प. गाड्यांची रांग सडकेवर. ऊसतोड्यांची बैलं उन्हात जू मानेवर घेऊन उभी, आणि गाडीवान आम्हाला ज्या शिव्या द्यायचे त्या इथं लिहिता येत नाहीत.

अशीच एकदा रांग लागलेली असताना मॅडम जोडाजोड करायला आल्या होत्या. काट्यावर पहारा नामदेवमामांचा. मामा पिकल्या मिशांचे, सगळ्यांना अरे-तुरे करणारे, फक्त मॅडमना अहो-जाहो करायचे. त्यांनी विचारलं, "म्याडम, ह्या डब्यात असतं तरी काय? हे पोट्टे सारखे त्याला शिव्या देऊन राह्यले." मॅडमनी वायर दातात धरून सगळं समजावलं. मामा ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे शेजारणीकडं मीठ मागायचं तर अंबडच्या कचेरीत अर्ज करायचा, अन् कचेरीनं शिपाई धाडून मीठ द्यायचं?"

मॅडमच्या दातातली वायर पडली. त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की रांगेतले गाडीवानसुद्धा शिव्या थांबवून बघायला लागले. "मामा, तुम्ही माझ्या खोलीत बसा, मी इथं पहारा देते!" असं म्हणून त्यांनी मामांच्या हातावर टाळी दिली.

त्या दिवसापासून त्यांनी ध्यास घेतला. डबा बदलायचा. म्हणजे नवा आणायचा, ज्याला थोडं शिकवता येतं. कोणत्या भोकात कोणाची वायर आहे हे त्याला माहीत करून द्यायचं. ओळखीचं पाकीट आलं तर त्यानं खालच्या खाली शेजाऱ्याला द्यावं, अनोळखी असेल तर वर विचारावं. पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर आला होता, शांत माणूस. तो म्हणाला, "होईल मॅडम, पण एकच डोकं वर ठेवलं तर सांभाळायला सोपं जातं. खाली दहा जणांना अक्कल दिली तर दहा ठिकाणी लक्ष ठेवावं लागतं." मॅडम म्हणाल्या, "ते खरंय. पण अक्कल दिली न्हाई तर दहा ठिकाणी मला पळावं लागतं, त्याचं काय?" तोही हसला आणि डबा द्यायला तयार झाला.

खरी अडचण एमडी साहेबांची. त्यांना त्यांच्या टेबलावर प्रत्येक गाडी दिसायला हवी होती, आपल्याला ओलांडून कोणी कोणाला काही देतंय हीच कल्पना त्यांना पटेना. त्यांनी मला साक्षीदारासारखं समोर उभं करून मॅडमना विचारलं, "मंग मला दिसणार कसं?"

"दिसंल की साहेब. खाली काम होईल अन् प्रत वर येईल. वायर तुटली तर प्रत काट्यावर थांबंल, जोडली की येईल. पण गाडी थांबणार न्हाई."

"आणि थांबली तर?"

"न्हाई थांबणार."

"बघा हां, मॅडम. यंदाच्या हंगामात कॉम्प्युटरमुळं एकदा जरी रांग थांबली, तर ही सगळी मशीनं गुंडाळायची. पावत्या पहिल्यासारख्या हातानं. विभाग बंद, आणि तुम्ही गोदामात पोती मोजायला."

"मंजूर," मॅडम म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. बाहेर आल्यावर म्हटलं, "कशाला मान अडकवून घेतली?" त्या म्हणाल्या, "पोती मोजायला मी शिकले का, जाधव? मंग हे जमलंच पाहिजे." पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात मला थोडी भीती ऐकू आली.

दसऱ्याच्या आधी डबा बसला. मॅडमनी काट्यावर फतकल मारून त्याला दिवसभर शिकवलं आणि दसऱ्याला गावाकडं गेल्या. आता आमच्या नामदेवमामांची करामत ऐका. खंडेनवमीला आपल्याकडं अवजारांची पूजा होते. कोयता, टिकाव, पाना, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं आणि त्या दिवशी अवजार चालवायचं नाही. वर्षभर राबतंय, एक दिवस त्याला इसावा. मामांनी काट्याची पूजा केली, आणि मॅडमचा नवा डबा काय, अवजारच की! त्यालाही कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि मोठ्या मायेनं बटण बंद केलं. दसरा झाल्यावर चालू केलं. हिरवा दिवा लागला. सगळं बराबर.

फक्त शिकवलेलं कायमचं लिहून ठेवायचं एक काम असतं, ते मॅडमकडून राहिलं होतं. बटण बंद झालं आणि डबा सगळं विसरला, अडलं की वर विचारायचं हेसुद्धा.

हे कळलं कधी? मोळी टाकायच्या दिवशी! हंगामाचा मुहूर्त. मांडव, सनई, पाहुणे, फेटे. सजवलेली पहिली गाडी माझ्या काट्यावर चढली, वजन झालं, आणि शेजारच्या काट्याला पत्ताच नाही. पलीकडचा कारकून माझ्याकडं बघून हात हलवतोय, मी त्याच्याकडं बघून. मॅडम धावत आल्या, डबा बघितला, त्यावरचं वाळलेलं कुंकू बघितलं, मग मामांकडं बघितलं. मामा अभिमानानं म्हणाले, "नवमीला मी त्याला इसावा देल्ता, म्याडम."

मला वाटलं आता म्हाताऱ्याची खैर नाही. पण बाई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग पदर खोचला, फतकल मारली आणि मला म्हणाली, "जाधव, गुरुजींना विचारा, अजून किती मंत्र येतात."

मी पळालो. गुरुजींच्या कानात सांगितलं, "पूजा लांबवा, काट्याचं काम निघालंय." गुरुजी भला माणूस. त्यांनी आधी गणपतीला पुन्हा बोलावलं, मग नवग्रह, मग कुलदेवता, मग पाहुण्यांच्या कुलदेवता. एमडी साहेब घड्याळ बघतायत, बैलं माळा खातायत, गुरुजींचा घसा बसत चाललाय. शेवटी ते माझ्याकडं असे बघायला लागले की आता त्यांच्याजवळ फक्त शुभमंगल सावधान उरलंय. तेवढ्यात काट्यावरून मॅडमचा हात वर झाला. गाडी गव्हाणीवर गेली, मोळी पडली, टाळ्या वाजल्या. गाडी रिकाम्या काट्यावर आली आणि वजन बराबर दिसलं. साहेब एवढंच म्हणाले, "यंदा पूजा फार साग्रसंगीत झाली." मॅडमनी गुरुजींना वाकून नमस्कार केला.

मामांना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. उलट कायमचं कसं लिहून ठेवायचं ते त्यांनाच शिकवलं. "आता दर नवमीला द्या इसावा. पण आधी हे बटण, मंग ते बटण." मामा दोन दिवस तोंडानं पुटपुटत फिरत होते.

तेव्हापासून मॅडमचा काट्यावर मुक्काम वाढला. दुपारची भाकर त्या आमच्याबरोबर खायच्या, ठेचा इतका जहाल की आमचे कान गरम व्हायचे, आणि खाता खाता कोणाला तरी धरायच्या. ही वायर काढली तर काय होईल? हा दिवा लाल का? चूक उत्तर दिलं तर रागवायच्या नाहीत, वायर काढून हातात द्यायच्या, "बघा मंग, काय होतं." मी कुरकुर करायचो, "मॅडम, हे तुमचं काम, पगार तुम्हाला." त्यावर त्या माझ्याच भाकरीचा तुकडा मोडून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "झाली वसुली."

जानेवारीत ती दुपार आली. ऑफिसकडं नालीसाठी खोदाई चालली होती आणि कोणाच्या तरी टिकावानं केबलचे दोन तुकडे झाले. साहेबांच्या टेबलावरचे आकडे जागीच थिजले. साहेबांनी वाट बघितली, फोन फिरवला, तोही लागेना. बस्स! जीपमध्ये बसून ते काट्याकडं निघाले, आणि ड्रायव्हरनं नंतर सांगितलं की वाटेत ते एकच वाक्य घोकत होते, "मी म्हणालो होतो, मी म्हणालोच होतो."

मॅडम त्या वेळी ऊसतोड्यांच्या कोप्यांकडं, म्हणजे त्यांच्या झोपड्यांकडं, कोणाचं तरी बाळ बघायला गेल्या होत्या. ऑफिसात सगळं बंद पडलंय हे कोणीतरी त्यांना सांगितलं. बाई जी धावत सुटली! चप्पल तुटली, ती हातात घेतली, अनवाणी उसाच्या पाचटावरून धावत आली. आम्हाला या दोघांचं काहीच माहीत नाही. आम्ही आपलं काम करतोय. एका बाजूनं जीप धुरळा उडवत येऊन थांबली, दुसऱ्या बाजूनं मॅडम हातात चप्पल घेऊन. आणि मध्ये गाड्या एकामागून एक चालल्यात. भरल्या काट्यावरून गव्हाणीत, गव्हाणीवरून रिकाम्या काट्यावर. एक बैल शेपटी उडवत साहेबांच्या अंगाला घासून गेला.

"कधीपासून बंद आहे?" साहेब माझ्यावर ओरडले.

"काय बंद आहे, साहेब?" मी विचारलं. देवाशपथ सांगतो, मला खरंच माहीत नव्हतं.

मॅडम धापा टाकत डब्याकडं गेल्या. वरचा दिवा विझलेला, खालचे दोन लुकलुकतायत. त्यांनी ते बघितलं आणि मटकन खाली बसल्या. "तुटली," त्या म्हणाल्या, "तुटली वो साहेब, अन् कुणाला कळलंबी न्हाई!" पायाला पाचट कापून रक्त आलं होतं, तिकडं लक्षच नाही. साहेबांनी चार गाड्या काट्यावरून जाताना बघितल्या. मग त्यांनी सगळ्या गाडीवानांसाठी चहा सांगितला. केबल तुटली म्हणून चहा मिळाल्याचं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. गोदामाचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

पण गंमत बघा. जी बाई नको होती, तिला आता कोणी सोडेना. दोन-तीन हंगाम गेले. मॅडमना जालन्याला तंत्रनिकेतनात शिकवायची नोकरी मिळाली. लहानपणापासून त्यांना मास्तरीणच व्हायचं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. खेड्यापाड्यातल्या पोरींना हे शिकवायचं म्हणून त्या अशा खुलल्या होत्या की बोलायची सोय नाही. साहेबांनी राजीनामा बाजूला ठेवला. "तुम्ही गेलात की काटा बंद पडेल."

मॅडम म्हणाल्या, "आठ दिवस मी क्वार्टरवरून हलत न्हाई. काटा थांबला तर राहते. न्हाई थांबला तर सोडा." साहेबांनी ते मान्य केलं.

मॅडम क्वार्टरवर बसल्या. आणि तिसऱ्याच दिवशी रिकाम्या काट्याच्या पडद्यावर काही येईना. माझे पाय सवयीनं क्वार्टरकडं वळले. मामांनी काठी आडवी घातली. "कुठं निघाला?"

"मॅडमला विचारून येतो."

"तू विचारायला गेला की साहेब त्यांना सोडत न्हाईत. बस खाली. आपण तिघं हाव ना?" म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. त्या जाव्यात असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नव्हतं, मामांना तर मुळीच नाही. पण आम्ही बसलो. एक वायर काढून दुसरी लावली, बटणं दाबली, भांडलो, आणि रांग सडकेला लागायच्या आत पडदा उजळला. मामांनी सगळ्यांना तंबी दिली, यातलं मॅडमना कळता कामा नये, नाहीतर त्या थांबतील.

आठ दिवसांनी मॅडम रुसून काट्यावर आल्या. "काय रे, एकालाही माझी आठवण आली न्हाई? एखादा कागद तरी अडकायचा होता!" आम्ही खाली माना घालून उभे. मामा म्हणाले, "समदं बराबर चाललं, म्याडम." त्यांनी आनंदी चेहरा केला, पण त्यांना लागलं होतं. मला ते दिसलं आणि फार वाईट वाटलं. सांगता मात्र येईना.

जायच्या दिवशी त्या आमच्या गेटवरून जालन्याच्या एसटीत बसल्या. बस निघाली आणि लगेच थांबली, कारण पुढं गाड्यांची शेपटी सडकेवर आली होती. नेमका तेव्हाच रिकाम्या काट्याचा पडदा गेला होता. मॅडमनी खिडकीतून काट्याकडं बघितलं. थांबलेली गाडी दिसली, आतली आमची पळापळ दिसली. त्या उठल्या. कंडक्टरला काहीतरी म्हणाल्या आणि दारापर्यंत आल्या, एक पाय पायरीवर.

नामदेवमामा काट्याच्या दारात उभे होते. त्यांनी तळहात वर केला आणि तसाच धरून ठेवला. उतरू नका.

मॅडम पायरीवर थांबल्या. आत मी वायर बदलली, पलीकडच्यानं बटण दाबलं, आम्ही एकमेकांशी बोललोही नाही, इतकं ते हातात बसलं होतं. पडदा उजळला. गाडी हलली. मॅडम दांडी धरून आमच्याकडं बघत होत्या, आणि ते आठ दिवस कसे गेले असतील हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. एरवी गव्हाणीपर्यंत हसणारी ती बाई भर सडकेवर, सगळ्या एसटीसमोर, लहान मुलीसारखी रडत होती.

मामांनी हात खाली घेतला नाही. गाड्या पुढं सरकल्या, सडक मोकळी झाली, कंडक्टरनं घंटी दिली आणि बस जालन्याकडं गेली.